श्रावण लागायच्या आत ठरवू या: मराठवाड्यात चांगले विंग्ज कुठे मिळतात?

गारखेडाकर

मंडळी, आषाढ उतरणीला लागलाय. एकदा श्रावण लागला की आमच्या घरात महिनाभर चिकनचं नाव नाही, आणि पुढं गणपतीही आलेच. त्यामुळे हा विषय आत्ताच निकाली काढायचाय. संभाजीनगर, जालना, बीड, लातूर, नांदेड, परभणी, हिंगोली, धाराशिव, कुठलंही चालेल. चांगले चिकन विंग्ज मिळतात कुठे?

चांगले म्हणजे काय तेही सांगतो, नाहीतर मागच्या बिर्याणीच्या धाग्यासारखं होईल. विंग कातडीसकट हवा. बाहेरून कुरकुरीत आणि आतून रसरशीत हवा, आणि ताटलीतला शेवटचा तुकडाही तसाच लागला पाहिजे. सॉसला स्वतःची चव हवी. टोमॅटो केचपमध्ये लाल तिखट कालवून आणलेलं चालणार नाही.

एक विनंती. हॉटेलचं नाव टाकू नका, भाग सांगा आणि तिथं करतात कसं ते सांगा. नाव टाकलं की मालकाचे मित्र येऊन धागा भरून टाकतात. ज्याला जायचंय तो व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारेल.

माझं मत: संभाजीनगरात सिडकोत, कॅनॉट प्लेसच्या मागच्या बाजूला एक छोटा कॅफे आहे. तिथले विंग्ज मला आजवर सगळ्यांत आवडले. आधी ओव्हनमध्ये भाजतात, मग ऑर्डर आली की तळतात. बाकी बहुतेक ठिकाणी विंग्ज म्हणून जे समोर येतं, ते सोललेल्या पंखाचं भजं असतं.

जिंतूर_रोड

विंग्ज म्हणजे आपलं लॉलीपॉपच ना? मग परभणीत वसमत रोडला संध्याकाळी सातनंतर या, गाड्यांची रांग आहे. एवढा मोठा प्रश्न कशाला?

स्वयंपाकघर_नांदेड

जिंतूर_रोड दादा, पंख एकच, पण पदार्थ वेगळे. कोंबडीच्या पंखाचे तीन भाग असतात. खांद्याकडचा जाडसर भाग, त्यात एकच हाड. मधला चपटा भाग, त्यात दोन बारीक हाडं. आणि टोक, त्यात खायला काही नसतं, ते सूपमध्ये टाकायचं. लॉलीपॉप करताना बहुतेक पहिला भाग घेतात. हाडाच्या बारीक टोकाशी शिरा कापून सगळं मांस दुसऱ्या टोकाला ढकलतात, म्हणून तो गोळा होतो. मधल्या भागाचाही करतात, पण त्यातलं एक हाड काढावं लागतं.

मला स्वतःला मधला चपटा भागच आवडतो. मांस कमी असतं, पण कातडी जास्त आणि दोन हाडांमधला तुकडा एकदम मऊ. लॉलीपॉपवाले बहुतेक हाच भाग टाळतात.

औसा_रोड

भाऊ, लातूरला या की! कशाला उगं हिकडं तिकडं हुडकायलाव? औसा रोडला एक पोरगं गाडा लावतंय, पुण्यातल्या कुठल्यातरी हॉटेलात काम करून गावाकडं आलंय. विंग आख्खा ठिवतंय, तोडत न्हाई. आदी कमी आचंवर तळून बाजूला काढून ठिवतंय, मग गिऱ्हाईक आलं की मोठ्या आचंवर टाकतंय. वरून काळं तिखट आन् लिंबू, सॉस बिस काय न्हाई. खाऊन बघा आन् मग बोला.

गारखेडाकर

औसा_रोड, दोनदा तळणं ही खरी खूण आहे. कातडी ठेवतो का तो?

औसा_रोड

ठिवतंय की. पण लोकं विचारायलेत, "कातडं काहून ठिवलंय?" म्हणून. त्याला रोज समजावून सांगावं लागतंय.

कोंबडीवाला_बीड

इथं मी बोलायला हवं. बीडमध्ये आमचं चिकन सेंटर आहे, वडिलांपासूनचं.

सोललेले पंख का मिळतात, तर आपल्याकडं दुकानात पिसं उपटतच नाहीत. कोंबडी कापली की पिसांसकट कातडी एका ओढीत काढून टाकतात. गिऱ्हाईक तीन-चार मिनिटांत मोकळं होतं, काम सोपं. कातडी ठेवायची तर कोंबडी आधी गरम पाण्यात बुडवायची, पिसं सैल झाली की मशीनमध्ये फिरवायची आणि उरलेली बारीक पिसं हातानं काढायची. पाणी जास्त तापलं तर कातडी फाटते, कमी तापलं तर पिसं निघत नाहीत. हे मशीन प्रत्येक दुकानात नसतं. त्यामुळे हॉटेलवाला आयत्या वेळी आला आणि पाच किलो विंग्ज मागितले, तर त्याला सोललेलेच मिळणार.

आता हिशोब बघा. दोन किलोच्या ब्रॉयलरला पंख दोनच. बाकीची कोंबडी विकल्याशिवाय नुसते पंख काढून देणं परवडत नाही. म्हणून जो हॉटेलवाला आदल्या दिवशी फोन करून "विथ स्किन, तोडून, टोक काढून" असं सांगतो, त्याला माल नीट मिळतो. आमच्याकडून असा माल नेणारे मोजकेच आहेत आणि त्यांचेच विंग्ज चांगले लागतात.

घरी करणाऱ्यांसाठी: आदल्या दिवशी सांगून ठेवा. रविवारी सकाळी दहाला येऊन मागू नका, तेव्हा दुकानात पाय ठेवायला जागा नसते.

शेंदूरवाडीची_लेक

कोंबडीवाला दादांचा प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा आहे. एक भर घालते. कातडी आपल्याला परकी नाही. गावाकडं गावरान कोंबडी अजूनही पिसं उपटून, जाळावर भाजून, हळद लावूनच तोडतात. कातडीसकट. त्या रश्श्यावर जो तवंग येतो तो अर्धा कातडीचाच असतो. माझी आजी सोललेल्या ब्रॉयलरला चिकन म्हणायलाच तयार नव्हती. सोलून खायची सवय ब्रॉयलरची दुकानं आली तेव्हा लागली आणि आता आपण कातडी बघून तोंड वाकडं करतो.

पनीर_पंथी

शाकाहारी माणसानं इथं काय वाचावं? पनीरला पंख फुटले की कळवा.

जालना_स्टील

पनीर_पंथी काका, तुमच्यासाठी सॉस वेगळा काढून ठेवू, श्रावणात कामाला येईल 😄

डॉक्टरेट_अन्नाची

परभणीच्या कृषी विद्यापीठातून अन्नतंत्रज्ञान शिकले आहे, म्हणून कुरकुरीतपणाबद्दल थोडं लिहिते.

कातडीत पाणी, चरबी आणि कोलॅजन नावाचं चिवट प्रथिन असतं. पाणी निघून गेल्याशिवाय कातडी कुरकुरीत होत नाही, आणि कोलॅजन मऊ व्हायला वेळ लागतो. एकदम कडकडीत तेलात टाकलं तर बाहेरून लाल होतं, पण कातडी आत रबरासारखी चिवट राहते. म्हणून आधी साधारण १२० अंशांच्या तेलात पंधरा-वीस मिनिटं, मग बाहेर काढून गार करायचे आणि शेवटी १९० अंशांच्या आसपास सात-आठ मिनिटं. लातूरचा तो मुलगा हेच करतोय. कोरियातही चिकन असंच दोनदा तळतात.

ओव्हनमध्ये करायचे तर किलोभर विंग्जना मीठ आणि एक मोठा चमचा बेकिंग पावडर चोळा. रात्रभर फ्रीजमध्ये जाळीवर उघडे ठेवा, म्हणजे वरचं पाणी सुकतं. पावडरमुळे कातडी थोडी अल्कधर्मी होते, रंग लवकर धरते आणि वर बारीक फोड येऊन कुरकुरीत होते. खायचा सोडा वापरू नका, कडवट लागतं. मग २२० अंशांवर पाऊण तास. आतलं तापमान ७४ अंशांच्या वर गेलं की चिकन खायला सुरक्षित, पण विंग्ज त्याहून बरेच पुढे शिजवले तरच चांगले लागतात. छातीच्या मांसासारखे ते कोरडे पडत नाहीत.

वजिराबाद_नांदेड

तळण्यावर एवढी चर्चा झाली, पण तंदूरचं नाव कुणी काढलं नाही! नांदेडला या. हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यामुळे इथं पंजाबी माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहतात आणि शहराबाहेरच्या ढाब्यांवर तंदूरचा हात वेगळाच आहे. हैदराबाद रस्त्याला एका ढाब्यावर विंग्ज दही-आल्यात मुरवून सळईवर लावतात. टोकं थोडी करपलेली, वरून लोणी आणि चाट मसाला. तळलेला विंग चार तुकड्यांनंतर जड होतो, हे कितीही खा.

गारखेडाकर

वजिराबाद, तंदुरी विंग मला मान्य आहे, पण तुमच्या ढाब्यावर कातडी असते का? दह्याचं मुरवण सोललेल्या पंखावर जास्त चांगलं धरतं म्हणून तंदूरवाले सोललेलेच वापरतात, असा माझा अनुभव. मग तो चांगला तंदुरी तुकडा झाला. पण या धाग्यातल्या विंगच्या पंगतीत त्याला बसवता येणार नाही.

वजिराबाद_नांदेड

सोललेलाच असतो. आणि तरीही चांगला असतो! कातडी नसली की विंगच नाही, हा नियम कुणी केला? धुराचा वास, करपलेली कड आणि हाडाजवळचा रस, या तिन्ही गोष्टी तिथं मिळतात. तुम्ही कुरकुरीतपणावर अडून बसलात.

शेंदूरवाडीची_लेक

वजिराबाद +१. पण गारखेडाकर नानांचाही मुद्दा आहे. एकाच यादीत दोन्ही घालू नका, तळलेले आणि तंदुरी वेगवेगळे धरा.

परभणी_ते_पलीकडे

मूळचा सेलूचा, सध्या न्यूयॉर्क राज्यात, बफेलो शहरापासून दीडेक तासावर. विंग्जचं माहेरघरच म्हणायचं, म्हणून लिहितो.

तिथला बार 'अँकर बार'. १९६४ मध्ये तिथल्या टेरेसा बेलिसिमो यांनी हे विंग्ज केले असं सगळीकडे सांगितलं जातं. त्याआधी अमेरिकेत पंख म्हणजे सूपचा माल, त्याला किंमत नव्हती. त्याच काळात त्याच शहरात जॉन यंग नावाचे गृहस्थ आख्खे पंख पिठात घोळवून, तळून, आपल्या सॉसमध्ये बुडवून विकत होते. त्यांचा दावाही तिथं मानला जातो. म्हणजे "पहिले कुणाचे" हा वाद तिथंही मिटलेला नाही.

मूळ बफेलो विंगला पीठ नसतं. कातडीसकट विंग तसाच तळायचा. सॉस म्हणजे लाल मिरचीचा आंबट सॉस आणि वितळलेलं लोणी, बास. सोबत सेलरीच्या काड्या आणि ब्लू चीजचा डिप. आपल्याकडं जे जाड कॉर्नफ्लोअरचं कवच चढवून 'बफेलो' म्हणून देतात, त्याचा बफेलोशी संबंध नाही. लातूरचा गाडा त्या मूळ पद्धतीच्या जास्त जवळ आहे, फक्त मिरचीच्या जागी काळं तिखट आलं. पुढच्या सुट्टीत आलो की आधी औसा रोड गाठणार.

औसा_रोड

या या! मी घिऊन जातो. ब्लू चीज न्हाई, ताक पाजतो.

हडको_एन१२

भावाबद्दल कुणीच बोललं नाही. आमच्याकडं संभाजीनगरात टीव्ही सेंटरला गाड्यावर लॉलीपॉपची प्लेट दीडशेच्या आत मिळते. निराला बाजारात वर बसून सहा विंग्ज खाल्ले तर तीनशे आणि वर टॅक्स. कॉलेजातल्या पोरांनी तीनशे कुठून आणायचे? आणि तीनशे देऊनही ते मऊ पडलेले असतील तर राग येणारच. मागच्या महिन्यात मला असेच मिळाले, सॉसमध्ये भिजून चिखल झालेले. परत पाठवले तर म्हणाले, "सर, असेच असतात."

कोंबडीवाला_बीड

भाव जास्त असायला कारण आहे. कातडीसकट, तोडून, साफ केलेला पंख हॉटेलला महाग पडतो, दोनदा तळायला तेल आणि गॅस जास्त लागतो. पण मऊ पडलेला दिला तर पैसे मागू नयेत, हे मलाही पटतं.

संध्या_काकू_अंबाजोगाई

हॉटेलवर एवढे पैसे घालवण्यापेक्षा घरी करा बाळांनो. मी नातवंडांसाठी करते तसं सांगते. विंग्ज चांगले पुसून घ्यायचे, ओले ठेवायचे नाहीत. मीठ, हळद आणि आलं-लसूण थोडंसंच. तांदळाचं पीठ आणि ज्वारीचं पीठ निम्मं निम्मं घेऊन कोरडंच वरून भुरभुरायचं, घट्ट पीठ कालवायचं नाही. ज्वारीच्या पिठानं छान खमंग येतं.

सॉस म्हणून हिरव्या मिरचीचा ठेचा खलबत्त्यात जाडसर कुटायचा, लसूण जास्त. घरचं लोणी गरम करून त्यात तो ठेचा फक्त उतरवायचा, जळू द्यायचा नाही. वरून लिंबू. गरम विंग्ज त्यात घोळवून लगेच पानात वाढायचे. त्या बफेलोवाल्यांनाही हे आवडेल.

परभणी_ते_पलीकडे

काकू, लोणी आणि मिरची, म्हणजे हिशोब तोच झाला! शनिवारी करून बघतो. इथं ज्वारीचं पीठ भारतीय दुकानात मिळतं.

डॉक्टरेट_अन्नाची

काकूंच्या पद्धतीला शास्त्राचाही आधार आहे. ज्वारी आणि तांदूळ, दोन्हींत ग्लुटेन (गव्हातलं चिकट प्रथिन) नाही, त्यामुळे कवच चिवट होत नाही आणि तेलही कमी शोषतं.

उदगीर_बिदर

गाड्यांचं कौतुक चाललंय, पण रंग आणि तेल यावर बोलायलाच हवं. आम्ही सीमेवरचे. कर्नाटक सरकारनं जून २०२४ मध्ये चिकन कबाबमधल्या कृत्रिम रंगांवर बंदी घातली, त्याआधी मार्चमध्ये गोबी मंचुरियनमधल्या रंगांवर. सीमा ओलांडली की आपल्याकडं लॉलीपॉप अजूनही लालभडक. हात धुतला तरी बोटं गुलाबी राहतात. आपल्याकडच्या अधिकाऱ्यांनीही गाड्यांवर जाऊन हे बघितलं पाहिजे, मनापासून वाटतं.

तेलाचंही तेच. एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे: तळणीच्या तेलात 'टोटल पोलर कंपाउंड्स' (तेल पुन्हा पुन्हा तापवल्यानं तयार होणारे घटक) २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरायचं नाही. गाड्यावर मोजायला यंत्र कुणाकडं असणार? पण डोळ्यांना कळतं. तेल काळं, दाट, वर फेस धरून राहणारं आणि मंद आचेवरही धूर सोडणारं असेल तर तिथून निघा. विंग्जना तर तेलात जास्त वेळ राहावं लागतं, म्हणून इथं तेल सगळ्यांत आधी बघायचं.

औसा_रोड

आमच्या पोराचं तेल बघून सांगतो. रंग तर न्हाईच टाकत त्यो, काळ्या तिखटाचाच रंग.

रोशन_गेट

सगळे विंग्ज विंग्ज करताहेत, आणि संभाजीनगरात येऊन नान-खलिया न खाता जायचं? तुघलकानं १३२७ मध्ये राजधानी दौलताबादला आणली, त्या लष्कराबरोबर हा पदार्थ आला असं इथं पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. भट्टीतला पिवळा नान आणि तो झणझणीत रस्सा. बुढी लेनकडं या, विंग्ज विसराल.

हडको_एन१२

रोशन गेट भाईंना शंभर मार्क. पण खलियासोबत नान किती खायचे यावर वेगळा धागा काढा, इथं सुरू झालं तर दिवाळीपर्यंत चालेल.

जालना_स्टील

पार्सलबद्दल कुणी सांगेल का? जालन्यात बसून खायला धड जागा सापडली नाही, म्हणून ॲपवरून मागवतो. घरी येईपर्यंत सगळं मऊ.

स्वयंपाकघर_नांदेड

बंद डब्यात वाफ कोंडते आणि कवच भिजतं, कितीही चांगला तळा. ऑर्डर करताना सूचनेत लिहा: सॉस वेगळा द्या, डब्याला भोकं पाडा. आल्यावर मायक्रोवेव्हमध्ये घालू नका, लोखंडी तव्यावर किंवा एअर फ्रायरमध्ये पाच मिनिटं. नंतर सॉसमध्ये घोळवा. आणि वीस मिनिटांच्या पलीकडच्या हॉटेलातून विंग्ज मागवूच नका, त्यापेक्षा रस्सा मागवा.

जिंतूर_रोड

एवढं सगळं वाचून काल वसमत रोडच्या गाडीवाल्याला विचारलं, पंखाचा मधला भाग कुठं जातो? म्हणाला, "सूपमध्ये, नाहीतर घरी नेतो." मी म्हटलं, कातडीसकट आणून दे, पैसे वेगळे देतो. शनिवारी आणतो म्हणालाय. दोनदा तळायलाही तयार आहे. काकूंचा ठेचा मी घरून करून नेणार.

वजिराबाद_नांदेड

जिंतूर_रोड, परभणी आम्हाला रेल्वेनं तासा-दीड तासावर. शनिवारी येतो. येताना तंदुरी विंग्ज बांधून आणतो, समोरासमोर ठेवून खाऊ. नानांनी यावं आणि खाऊन सांगावं.

गारखेडाकर

येतो, गाडी काढतो. हडको, तू चल, भावाचा प्रश्न तिथंच सोडवू. तोपर्यंतचं माझं मत: बसून खायला कॅनॉटच्या मागचा कॅफे, उभ्यानं खायला लातूरचा गाडा. तिथं अजून गेलेलो नाही, पण पद्धत ऐकूनच भरवसा बसलाय. तंदुरीत नांदेडचा ढाबा शनिवारी ठरेल. हिंगोली आणि धाराशिवमधून एकही प्रतिसाद नाही, तिकडच्यांनी लिहा.

कोंबडीवाला_बीड

परभणीच्या गाडीवाल्याला शुक्रवारीच सांगून ठेवा म्हणावं. शनिवारी सकाळी मागितले तर त्याला सोललेलेच मिळतील.

कळंब_धाराशिव

धाराशिवचं विचारलंत म्हणून: आमच्याकडं शेळीचं मटण सोडून चिकनकडं कुणी वळत नाही, उस्मानाबादी शेळीचं गावच आहे हे. पण बार्शी नाक्याजवळ एकानं नवीन हॉटेल काढलंय, मेन्यूत विंग्ज आहेत. आधी किचनमध्ये जाऊन कातडी आणि तेल बघतो, मग इथं लिहितो.